पोरगी हाचिकोसाठी रडतेय की आणखी कुणासाठी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गल्लत झाली असेल तर कळेल. मुलगी आठ वर्षांची, तिसरीतली. मे महिन्यात मामाकडे मुंबईला गेली, तिथे मोठ्या भावंडांबरोबर हाचिकोचा सिनेमा पाहिला, वारलेल्या मालकाची स्टेशनवर वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या जपानी कुत्र्याचा. मालवणला परत आल्यापासून संध्याकाळी पायरीवर बसून राहते, रात्री मध्येच उठून रडते, आणि ‘मला अकिताच पाहिजे’, म्हणजे हाचिकोच्याच जातीचा कुत्रा, असा धोशा लावलाय. तुमच्या बायकोचं म्हणणं, असले रडके सिनेमे घरात बंद. तुमच्या आईचं म्हणणं, कुत्रं घरात येणार असेल तर मी चालले भावाकडे. आणि तुम्हाला हवंय ते असं: प्राण्यांचे सिनेमे दाखवावेत का, कोणते दाखवावेत, आणि कुत्रा आणावा की नाही.

मी देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात पंचवीसेक वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतो. लोक ‘गुरांचो डॉक्टर’ म्हणतात, कुत्र्या-मांजरांचाही मीच. शिवाय गेली बारा-तेरा वर्षं मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या माडीवर मुलांना प्राण्यांचे सिनेमे दाखवतो. उधारीचा प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि लाइट गेली की मध्यंतर. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंशी माझा संबंध येतो. मुलांचं मन हा माझा विषय नाही. रडणं महिनाभर टिकलं, जेवण-झोप बिघडली, तर ते ज्यांचं काम आहे त्यांच्याकडेच जा.

आता खरं बोलतो. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुम्ही ओघात लिहिलेली ओळ: ‘मी गोव्याला नोकरीला असतो, शनिवारी रात्री येतो, कधी रविवारी सकाळी.’

ही ओळ मला का टोचली, तर माझ्याच हातून एकदा चूक झाली होती. सिनेमे दाखवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी हाचिको लावला. आधी पूर्ण बघितलाही नव्हता. कुत्र्याचा आहे, मुलांना आवडेल, एवढाच विचार. प्रोफेसर गाडीतून परत येत नाही आणि कुत्रा स्टेशनबाहेर बसून राहतो, तिथे माडीवर शांतता पसरली. पुढच्या चटईवर सहा वर्षांची एक मुलगी होती. ती रडत नव्हती, फक्त फ्रॉकचं टोक दातात धरून बसली होती. सिनेमा संपला, सगळी पोरं खाली पन्हं प्यायला पळाली, ही उठेना. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, अगं, हाचीला आता बरं वाटत असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘माझे बाबा येतले मा?’ तिचे वडील ट्रॉलरवर खलाशी. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधीची शेवटची फेरी चालू होती, चार दिवस बोट बाहेर. पोरीला कुत्र्याचं काहीच पडलं नव्हतं. तिने स्टेशनच्या जागी जेटी बघितली होती.

बोट तिसऱ्या दिवशी आली, सगळं नीट झालं. पण तेव्हापासून कुठलंही मूल प्राण्याच्या सिनेमाला रडलं, की मी आधी एवढंच शोधतो: हे कुणाच्या जागी बसून रडतंय? मोठी माणसं प्रोफेसरच्या जागी बसतात. आपण गेल्यावर आपल्यासाठी असं कुणी थांबेल का, हे आपलं दुखणं. मुलं कुत्र्याच्या जागी बसतात. घरात त्यांचीही तीच अवस्था असते: कोण कधी जाणार, कधी येणार, हे त्यांना विचारून ठरत नाही. फक्त दाराकडे बघायचं.

तुमच्या मुलीचंही असंच असेल, हे मी इथे बसून ठामपणे कसं सांगू? पण ती नेमकी संध्याकाळीच पायरीवर बसते, आणि तुम्हीच लिहिलंय की शुक्रवार-शनिवारी रडणं वाढतं. तेव्हा कुत्र्याच्या आधी हे तपासा. ‘कशाला रडतेस’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. ‘हाची स्टेशनवर बसून काय विचार करत असेल गं?’ असं विचारा, आणि मग गप्प बसा. मुलं स्वतःचं सगळं कुत्र्याच्या नावावर सांगून टाकतात. आणि पुढचे चार-पाच शनिवार येण्याची वेळ आधी फोनवर तिलाच सांगा, आईला नाही. ती वेळ पाळा. घाटात अडकलात तर अडकल्याचा फोनही तिलाच.

बायकोला सांगा, सिनेमे बंद करण्याची घाई नको. बंद केल्याने एवढंच होतं की मूल तो सिनेमा डोक्यात एकटं बघत राहतं. माझ्या मते त्याच गोष्टीचा सिनेमात न आलेला भाग तिला सांगावा. खरी गोष्ट सिनेमापेक्षा वेगळी आहे, आणि मुलांना झेपेल अशीही आहे.

खरा हाचिको १९२३ साली जपानमध्ये ओदाते भागात जन्मला. त्याचे मालक हिदेसाबुरो उएनो टोकियोच्या विद्यापीठात शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते. २१ मे १९२५ ला ते अचानक वारले. म्हणजे दोघांचा सहवास जेमतेम दीड वर्षाचा. कुत्रा मात्र ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला, जवळजवळ दहा वर्षं. तुमच्या मुलीने पाहिला तो २००९ चा सिनेमा असणार, रिचर्ड गिअरचा. त्यात ही गोष्ट उचलून अमेरिकेत नेलीय. त्याआधी १९८७ मध्ये जपान्यांनी स्वतः केलेलाही आहे. सिनेमात फारसं येत नाही ते असं, की हाचिको बेवारस नव्हता. काही घरं बदलून तो शेवटी प्राध्यापकांच्या जुन्या माळ्याच्या घरी राहिला. स्टेशनवर सुरुवातीला लोक त्याला हुसकत. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल छापून आलं आणि मग सगळ्यांचा तो लाडका झाला, लोक खाऊ घालू लागले. १९३४ साली पुतळा उभा राहिला, तेव्हा उद्घाटनाला हाचिको स्वतः हजर होता! हे ऐकून पोरं हमखास हसतात.

आणखी एक, माझ्या धंद्यातलं. त्याचे अवयव जपून ठेवले होते, ते तपासून २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की तो कॅन्सरने आणि फायलेरियाच्या जंतांनी गेला. हे जंत डासांमधून येतात. पोटात चिकन भाजायच्या चार काड्याही सापडल्या, पण त्या मरणाचं कारण नव्हत्या. काही लोक म्हणतात, बघा, तो काही मालकासाठी येत नव्हता, खाण्यासाठी येत होता. मला हा वादच पटत नाही. आमच्या जेटीवरचं कुठलंही कुत्रं बघा. ते वाटही बघतं आणि बांगड्याचं डोकंही खातं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

आणि मुलीला शेवटी एक फोटो दाखवा. ८ मार्च २०१५ ला, हाचिको गेल्याला बरोबर ८० वर्षं झाली त्या दिवशी, टोकियो विद्यापीठाच्या शेतकी विभागात एक नवा पुतळा बसवला. त्यात प्राध्यापक परत आलेत आणि हाचिको मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावतोय. फोनवर शोधलात तर लगेच सापडेल. मी हल्ली हाचिको दाखवला की शेवटी चादरीवर तो फोटो लावतो आणि दोन मिनिटं तसाच ठेवतो.

आता ‘सिनेमातलं प्रेम खरं असतं का’ याकडे येतो, कारण कुत्रा आणायचा की नाही हे त्यावर ठरणार आहे.

काही गोष्टी खऱ्या आहेत, सिनेमावाल्यांनी वाढवून सांगितलेल्या नाहीत. कुत्रा आपल्या डोळ्यांत बघतो आणि आपण त्याच्या, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. आईने बाळाकडे बघताना वाढतं तेच. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिलं. भुवईचा आतला कोपरा वर ओढून ते जे बिचारं तोंड करतात, त्यासाठी कुत्र्यांच्या चेहऱ्यात एक वेगळा स्नायू आहे. लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच. माणसाच्या सहवासातच तो आलेला दिसतो. म्हणजे पडद्यावरच्या कुत्र्याचा क्लोज-अप आपल्याला रडवतो ही केवळ दिग्दर्शकाची करामत नव्हे. कुत्र्याला वेळ बरोबर कळते, हेही खरं. मी दुपारी मोटरसायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो की घरातला भूत्या उठतो, माझी बायको त्यावर भात लावते.

खोटं असतं ते वेगळंच. कुत्रा सूड घेत नाही. १९८५ च्या ‘तेरी मेहरबानियाँ’मध्ये जॅकी श्रॉफच्या खुनाचा बदला त्याचा कुत्रा घेतो. बघताना आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या, पण कुत्र्याच्या डोक्यात खटले चालत नाहीत. दुसरं खोटं म्हणजे एकच कुत्रा. पडद्यावर दिसतो तो एक, प्रत्यक्षात असतात तीन-चार. २००९ च्या हाचिकोत तीन अकितांनी काम केलंय. ‘बेब’ (१९९५) मधलं एक डुकराचं पिल्लू म्हणजे ४८ पिल्लं, कारण पिल्लं भराभर मोठी होतात आणि शूटिंग संपत नाही. लॅसी ही कुत्री, पण १९४३ च्या सिनेमात ती केली पाल नावाच्या नराने. हे मुलांना मुद्दाम सांगावं. ‘मग तो खरंच मेला नाही?’ असं विचारतात आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसतं. आपल्याकडे शूटिंगमध्ये प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे पशू कल्याण मंडळाकडे आधी नोंद आणि परवानगी लागते, हेही सांगा.

पण सगळ्यात मोठं खोटं म्हणजे सिनेमात जे नसतंच ते. दीडशे सिनेमे पाहिले असतील मी, एकातही कुणी कुत्र्याच्या कानातले गोचीड काढत बसलेलं पाहिलं नाही. आमच्याकडे जुलैत कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला की तळव्याला मटारच्या दाण्यासारखं लागतं, ते गोचीड. त्याने ताप येतो, कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. जखमेकडे दोन दिवस दुर्लक्ष झालं तर किडे पडतात. हे सगळं कुणीतरी रोज, चिखलातून, घरातलं आवरून झाल्यावर करायचं असतं. पडद्यावर माणसाने फक्त प्रेम घ्यायचं असतं आणि कुत्र्याने फक्त द्यायचं.

म्हणून मी सिनेमा निवडताना एकच गोष्ट बघतो: यात माणूस प्राण्यासाठी काही करतो का? की प्राणीच मरेपर्यंत माणसासाठी करत राहतो?

या कसोटीवर मुलीला आधी दाखवावा असा माझ्या मते १९४३ चा ‘लॅसी कम होम’. जुना आहे, पण रंगीत आहे. इंग्रजीत आहे, पण आठ वर्षांच्या मुलीला शेजारी बसून दोन-दोन वाक्यांत सांगता येतो. गरिबीमुळे घरच्यांना लॅसी विकावी लागते, नवा मालक तिला लांब स्कॉटलंडला नेतो, आणि ती चालत चालत यॉर्कशायरला परत येते. मुलाची शाळा चार वाजता सुटते, ती रोज तिथे फाटकाशी थांबायची, आणि शेवटी तिथेच येऊन थांबते. हाचिकोची गोष्ट उलटी करून ठेवल्यासारखी वाटते. इथे वाट बघणारीच परत येते. एक सावधगिरी: मध्ये एका फेरीवाल्याचं छोटं कुत्रं मरतं. तिथे तिचा हात धरा. मूल काही बोललं तर रिमोटने थांबवा, उगाच ‘पुढे बघ, पुढे बघ’ करू नका.

त्यानंतर ‘चिल्लर पार्टी’ (२०११). यात जातिवंत कुत्रा नाही. गाड्या धुणारा एक पोरगा आणि त्याचा भटका कुत्रा भिडू. कॉलनीतली पोरं आधी दोघांना पिटाळायला बघतात, मग त्याच कुत्र्याला राहू द्यावं म्हणून मंत्र्याशी भांडतात, मोठ्यांच्या सह्या गोळा करतात, चड्डीवर मोर्चा काढतात. माझ्या माडीवर सगळ्यात जास्त वेळा लागलेला सिनेमा हाच. दुसऱ्या दिवशी चार पोरं सह्यांचा कागद घेऊन सरपंचांकडे गेली होती, बाजारातल्या कुत्र्यांना पाण्याची भांडी ठेवावीत म्हणून. सरपंचांनी सही केली, भांडी अजून यायचीत.

मराठीत पाळीव प्राण्यावरचे सिनेमे कमीच. ‘वळू’ (२००८) पाळीव नाही म्हणायला हरकत नाही, गावावर सोडलेला बैल तो. पण सगळ्या गावाने आपली पापं एका जनावराच्या माथी कशी मारली हे त्यात असं काही दिसतं, की घरातल्या मोठ्यांनीही बघावा. तुमच्या आईंना नक्की आवडेल. ‘पिप्सी’ (२०१८) मध्ये एका लहान मुलीला वाटतं की आईचा जीव एका माशात आहे, आणि ती तो मासा बाटलीत घालून जपते. चांगला आहे, पण तुमच्या पोरीला आत्ता नको. तिला जे भय आहे त्यालाच तो हात घालेल.

‘हाथी मेरे साथी’ (१९७१) आणि कन्नडचा ‘७७७ चार्ली’ (२०२२) हे दोन्ही मला मनापासून आवडतात, पण ते दोन-तीन वर्षांनी. पहिल्यात रामू हत्ती गोळी झेलून मरतो. माझ्या बहिणीला लहानपणी या शेवटाने ताप आला होता. चार्ली मात्र माझ्या कसोटीला शंभर टक्के उतरतो. एकटा राहणारा, कुणाशी पटत नसलेला माणूस एका लॅब्रडॉरच्या आजारपणात तिला बर्फ दाखवायला मोटरसायकलवरून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. शिवाय पैशासाठी पिल्लं पैदा करणाऱ्यांचे धंदे काय असतात, तेही त्यात आहे. अकिता घ्यायचा विचार अगदीच जात नसेल, तर तुम्ही नवरा-बायको दोघांनी तो आधी बघा.

सिनेमात आणि अंगणात काय फरक, याचं माझं आवडतं उदाहरण वेगळंच आहे. १९५७ चा ‘ओल्ड येलर’ मी एकदाच लावला, मोठ्या मुलांसाठी. पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजून कुत्रा घरच्यांना वाचवतो, नंतर तोच पिसाळतो, आणि मुलाला आपल्या हाताने त्याला गोळी घालावी लागते. सगळे सुन्न. तेवढ्यात मागून सहावीतला एक पोरगा म्हणाला, ‘डाक्टरानू, तेका आधीच इंजेक्शन कित्याक नाय दिल्यानी?’ मी सांगितलं, बाबा, ही गोष्ट १८६० नंतरची, आणि लुई पाश्चरने माणसाला रेबीजची पहिली लस दिली १८८५ मध्ये. तेव्हा गोळीशिवाय काही नव्हतंच. तो म्हणाला, म्हणजे आता कुणाला गोळी घालायला नको? नको. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतोय तर दारात तीन पोरं, काथ्याच्या दोरीने बांधलेली तीन कुत्री, आणि त्यातलं एक दोरी चावून निम्मं सुटलेलं. कुठल्याही सरकारी मोहिमेत माझ्याकडे अशी रांग लागली नव्हती.

त्यावरून एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कुत्रा आणा किंवा न आणा. मुलांना असे सिनेमे बघून वाटतं की इमानी कुत्रा चावतच नाही, आणि चावला हे कळलं तर मोठे त्याला घालवतील. म्हणून पोरं ओरखडा लपवतात. मी असे दोन प्रसंग पाहिलेत, नशिबाने वेळेत कळलं. मुलीला स्पष्ट सांगा: दात किंवा नख लागलं तर लगेच सांगायचं, कुत्र्याला कुणी काही करणार नाही. आणि लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. तसंच सरकारी दवाखान्यात जायचं आणि लशीचे सगळे डोस पुरे करायचे. एकही चुकवायचा नाही.

आता अकिता. थोडक्यात सांगतो: नको. तो बर्फाळ प्रदेशातला, अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे त्याची कातडी काय वाळणार. ओलीने बुरशी येते, खाजवून खाजवून जखमा होतात, उन्हाळ्यात दम लागतो. गणपतीत एका चाकरमान्याने मुंबईहून हस्की, तोही बर्फातलाच कुत्रा, आणला आणि ‘इथे मोकळी जागा आहे’ म्हणून गावच्या घरी ठेवून गेला. दिवाळीपर्यंत त्याच्या पाठीवर केस राहिले नव्हते. म्हातारी आई बिचारी त्याला खोबरेल चोळत होती.

सिनेमामुळे कुत्र्याची जात निवडणं ही काही तुमच्या मुलीची एकटीची खोड नाही. १९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यातल्या कुत्र्याचं नाव टफी. मी त्यानंतर काही वर्षांनी दवाखाना सुरू केला तरी माझ्या नोंदवहीत पान उलटलं की टफी. पांढरा टफी, तपकिरी टफी, एक तर काळाकुट्ट गावठी टफी. अमेरिकेत संशोधकांनी २०१४ मध्ये हे मोजून दाखवलं: एखाद्या जातीचा कुत्रा सिनेमात गाजला की त्या जातीची मागणी दहा-दहा वर्षं वाढलेली राहू शकते. सिनेमा दोन तासांचा, मागणी दहा वर्षांची, आणि कुत्रा जगतो बारा-तेरा वर्षं. हा हिशेब करून बघा. तुमची मुलगी कॉलेजला पुण्या-मुंबईला जाईल तेव्हा हा कुत्रा म्हातारा होऊन पडवीत असेल, आणि त्याला फिरवायला तुमची बायको असेल.

म्हणून ‘कुत्रा आणावा का’ याचं उत्तर मुलीवर नाही, घरात दिवसभर कोण असतं त्यावर अवलंबून आहे. तुम्ही पाच-सहा दिवस नसता. म्हणजे तुमच्या आई आणि बायको. त्या दोघींची मनापासून तयारी नसेल तर नको. आईंना ‘नको’ का, हे मात्र एकदा नीट विचारा. कोकणातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचा विरोध कुत्र्याला नसतो, देवघराशी आणि चुलीशी कुत्रं येण्याला असतो. आपल्या घरांची रचनाच अशी आहे की कुत्र्याची जागा ओटीवर, फार तर पडवीत. ती रेघ आखून दिलीत, पाळलीत, तर निम्मं भांडण मिटतं. रात्री मात्र अंगणात बांधून ठेवायचं नाही. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. पडवीचं दार लावून आत घ्या.

आणलंत तर गावठीच आणा. पाऊस, गोचीड, पेज-मासे, सगळं सोसतो. भर पावसात लहान पिल्लू आणू नका, पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांची, भीती असते. थंडीच्या तोंडावर पिल्लं बरीच दिसतात, तेव्हा बघा. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील तशी, आणि रेबीजची दरवर्षी. जंताचं औषध आठवणीने. काम वाटून द्या: मुलीकडे पाण्याचं भांडं, रोज घासून भरायचं, एवढंच. आठ वर्षांच्या पोरीकडे तेवढंच द्यावं, पण ते तिचंच.

म्हणजे आधी शनिवारची वेळ, मग लॅसी, आणि कुत्र्याचं पावसाळ्यानंतर बघू. हा क्रम बदलू नका.

आता तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ, जी तुम्ही बहुतेक तक्रार म्हणून लिहिली असावी: मुलगी पायरीवर बसली की वाडीतली एक लाल कुत्री येऊन खालच्या पायरीवर बसते, तुमची आई तिला हाकलते, पण रात्री उरलेली पेज करवंटीत ओतून माडाच्या बुंध्याशी तीच ठेवते. तुम्हाला पिल्लू शोधायला लागेल असं मला वाटत नाही. पुढच्या शनिवारी रजा काढून त्या कुत्रीला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. रेबीजची लस द्या, गाभण नसेल तर नसबंदीचं विचारून घ्या. दोरी आईंच्या हातात द्या, खाऊ घालणाऱ्याच्या हाताला ती सहसा चावणार नाही. लस दिल्यावर कार्ड मिळतं, त्यावर नावाची एक ओळ असते. डॉक्टरांना सांगा, ती कोरी ठेवा. घरी जाऊन पोरगी भरेल.